शोपीसाई

मु. कळंब, ता. कर्जत
धोंड्याच्या महिन्याचा पहिला आठवडा

चौक मुक्कामी शोपीसच्या दुकानाचे मालक आणि आमच्या घरचे एकुलते एक जावई विपुलराव यांना सासरे चांगो यांचा आशीर्वाद. (आधी नमस्कार लिहिला होता, मग खोडला. लग्नात आम्ही तुमचे पाय धुतले म्हणून तुम्ही नारायण, आणि वयानं मी थोरला, तेव्हा नक्की कोणी कोणापुढं वाकायचं याचा उलगडा मला अजून झालेला नाही. दोन्हींतलं जे पटेल ते धरा.) आपली तब्येत बरी असेल. आपल्या मातोश्रींचे गुडघे बरे असतील. दुकान तर बरं असणारच, कारण कर्जत-चौक रस्त्यानं जाताना बघतो तर प्रत्येक नव्या फार्महाऊसच्या फाटकावर तुमच्याकडचा एकेक सिंह बसलेला असतो. आमची संजनाही बरी असेल. ती बरी आहे हे तिच्या व्हॉट्सॲपच्या स्टेटसवरून कळतं, पण स्टेटस काही घरी येऊन जेवत नाही.

तुम्ही म्हणाल, खिशात फोन असताना हे पत्र कशाला. त्याचं असं आहे, जावयाशी फोनवर बोलायला लागलं की माझ्या जिभेला मुंग्या येतात. ‘बरं आहे ना’, ‘बरं आहे’, ‘ऊन काय म्हणतंय’, ‘फार आहे’, एवढ्यावर बोलणं संपतं आणि सांगायचं ते घशात राहतं. दिवाळसणाला संजना दोन रात्री राहून गेली. त्यानंतर आली ती थेट अक्षय्य तृतीयेला, आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला, तीही पाहुण्यासारखी. सकाळी आली आणि आरती झाल्यावर तुमच्याच गाडीत बसून गेली. आमची आई (म्हणजे तुमची आजेसासू गोदूबाई) दिवाळीपासून रोज माझ्या मागं लागली आहे की, जावयाला सांग, पोरीला आठ दिस धाड. मीही रोज म्हणतो, सांगतो. पण तुमचा सीझन, त्यात ऑनलाइनच्या ऑर्डरी सगळ्या संजनाच बघते, अशा वेळी मुलीच्या बापानं तोंड उघडून मागायचं कसं? असो. तो आजचा विषय नाही. आजचा विषय म्हणजे वास्तुशांतीला तुम्ही दिलेली भेट.

भेट उत्तम आहे हे आधीच सांगून टाकतो. जावयाच्या भेटीला नावं ठेवणारा सासरा मी नव्हे. त्या दिवशी लोकांनी काय काय आणलं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. पाच लक्ष्म्या आल्या. त्यातल्या एकीच्या हातातून नाणी पडतात, पण ती बॅटरीवर पडतात. एक सरस्वती आली, तिच्या वीणेच्या भोपळ्यात घड्याळ बसवलेलं आहे. दोन राधा आल्या, दोन्ही कृष्णाशिवाय (कृष्ण वेगळा घ्यावा लागतो म्हणे). समई धरलेली एक बाई, घागर घेतलेली एक बाई, आणि कुठल्याशा पतसंस्थेकडून अष्टभुजा देवी, तिच्या सिंहाच्या पोटावर पतसंस्थेचा फोन नंबर. जिजानं (तुमच्या सासूबाईंनी) या सगळ्याजणी जुन्या साड्यांत गुंडाळून माळ्यावर चढवल्या. आणि तुमची ती पाच फुटी मत्स्यकन्या, कंबरेच्या वर बाई, कंबरेखाली मासा, हातात शंख आणि अंगावर स्वतःच्या केसांखेरीज काही नाही, ती मात्र पडवीत दाराशेजारी उभी राहिली. म्हणजे बघा, देव्या शोपीस होऊन माळ्यावर पडल्या आणि शोपीस देवी होऊन बसली. हे कसं घडलं ते तुम्हांला नीट कळायला हवं, कारण तुम्ही त्या वेळी मंडपात जिलेबी खात होता.

दोष कोणाचा म्हणाल तर तुमच्या ‘हाय’चा. टेंपोतून ती उतरवली तेव्हा आईनं डोळ्यांवर हात धरून विचारलं, “ही कोण रं बापू?” तुम्ही एरवी गिऱ्हाइकाशी बोलता तसं ‘शोपीस आहे’ म्हणाला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण आजेसासूशी आपलेपणानं बोलावं म्हणून तुम्ही म्हणालात, “आजी, शोपीस हाय,” आणि मंडपात निघून गेलात. आता आईला डाव्या कानानं कमी ऐकू येतं आणि उजव्या कानानं सोयीचं ऐकू येतं. तिनं ऐकलं, शोपीसाई. आपल्या मुलखात जाखाई आहे, शितळाई आहे, मरीआई आहे, त्यांच्या ओळीत एक शोपीसाई बसायला कितीसा वेळ लागतो. आईनं पदर डोक्यावर घेऊन हात जोडले. मागं शेजारची धोंडूबाई उभी होती, तिनं आईला बघून जोडले. धोंडूबाईच्या मागं अर्धी आळी उभी होती. मी पुढं होऊन म्हणालो, “अगं आई, ते शोपीस हाय.” (माझ्याही तोंडून तेच गेलं, रागात माणूस गावचंच बोलतो.) आई म्हणाली, “मंग मी काय येगळं म्हनते? शोपीसाईच.”

देवी म्हटल्यावर तिला उघडी कशी ठेवायची? आईनं ट्रंकेतलं हिरवं नऊवारी काढलं. वरचा भाग झाकला गेला, पण खाली शेपटी. शेपटीला कासोटा कसा घालावा यावर बायकांची बराच वेळ चर्चा चालली. कोणी म्हणे गोल नेसवा, कोणी म्हणे परकर घाला. शेवटी आईनं शेपटीच्या टोकाचे दोन फाटे न्याहाळले आणि म्हणाली, “पाय दोनच हायेत की, वरनं जुळलं हायेत इतकंच.” असं म्हणून तिनं त्या दोन फाट्यांमधून कासोटा काढून मागं खोचला. नेसवताना तिनं मूर्तीला दोन-तीन टिचक्या मारल्या, तेव्हा मला वाटलं ती काहीतरी मंत्र म्हणते आहे. मग पाच सवाष्णींनी ओटी भरली. पाचांतली एक जिजा होती, हे मी तिला अजून ऐकवतो.

तरीही प्रकरण आवरलं असतं. पण तुम्ही मोठ्या हौसेनं तिच्या शंखात पाण्याची नळी आणि शेपटीमागं मोटर बसवून दिली होतीत, आणि त्या दिवशी दुपारपासून आमच्याकडे वीज नव्हती. मोटरचं बटण चालूच राहिलंय हे कोणाच्या ध्यानात नाही. आई ओटीत नारळ ठेवायला वाकली आणि नेमकी वीज आली. शंखातून फवारा सुटला तो थेट आईच्या कपाळावर. मग धोंडूबाई तीर्थ न्यायला घरातून तांब्या घेऊन धावत आली, आणि तिच्या मागोमाग आळीतली इतकी भांडी आली की आमच्या टाकीतलं पाणी संपलं. धोंडूबाईची दोन दिवस चुकलेली म्हैस दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या पायांनी घरी आली. झालं. म्हशीनं येऊन माझी उरलीसुरली बाजू लंगडी केली.

इथवरही मी सहन केलं. आपलं काय जातं, असाही विचार केला. पण म्हैस आली त्या संध्याकाळी जिजानं सुक्या बोंबलांचं कालवण केलं होतं. पाट मांडला, ताट आलं, दार उघडं होतं आणि दारातून पडवीतली शोपीसाई दिसत होती. मी पहिला घास उचलला तर आई म्हणाली, “चांगो, तिच्या म्होरं तिचंच भाऊबंद खातोस व्हय रं?” मी म्हणालो, अगं, देवीला वशाटाचा विटाळ कसला, आपल्या गावदेवीला तर कोंबडं चालतं. आई म्हणाली, “गावदेवी काय अर्धी कोंबडी हाय?” विपुलराव, मी शाळेत वादविवादात बक्षीस मिळवलेला माणूस आहे. पण घास खाली ठेवला.

त्या दिवसापासून आमच्या घरात मासळी बंद. पावसाळ्याची बेगमी म्हणून भरलेला सुक्या मासळीचा डबा (बोंबील, वाकट्या, सोडे, जवळा, सगळं मी स्वतः निवडून आणलेलं) आईनं उचलून धोंडूबाईच्या घरी ठेवायला दिला, घरात त्याचा वास नको म्हणून. धोंड्याच्या महिन्यात पुष्कळ लोक वशाट वर्ज्य करतात हे मला ठाऊक आहे, पण आमच्याकडे हा महिना फक्त पुरणाच्या धोंड्यापुरता पाळतात, मासळीपुरता कधी पाळला नाही. आणि माझं बंद तर अक्षय्य तृतीयेपासूनच आहे. मध्यंतरी बँकेत जातो म्हणून कर्जतला गेलो आणि स्टेशनाजवळच्या खानावळीत गपचूप ओले बोंबील खाल्ले. साबणानं दोनदा हात धुतले. घरी आलो तर आई म्हणाली, “हात बघू.” हुंगला. म्हणाली, “बँकेत आताशा बोंबील वाटतात का?” आणि मला शोपीसाईपुढं नाक घासायला लावलं. या वयात, बायकोसमोर.

हेही एक वेळ सोसलं असतं, पण आता मिरग तोंडावर आला. तुम्ही दुकानदार झालात तरी भातवाल्यांच्याच घरातले आहात, तुम्हांला वलगण काय ते सांगायला नको. पहिल्या पावसाच्या पाण्याबरोबर नदी सोडून मासे शेतात चढायला लागतात, ते चार-दोन दिवस वर्षातून एकदाच. गाव सगळं टोपल्या घेऊन बांधावर, घरोघरी आंबट कालवण, आणि त्या दिवशी मी काय करायचं? मुगाची आमटी भुरकत शोपीसाईकडे बघत बसायचं? मी जन्मल्यापासून एकही वलगण चुकवलेली नाही. तापात होतो तेव्हासुद्धा खाल्ली. तेव्हा मिरगाच्या आत ही बाई घरातून हलली पाहिजे, एवढं मी ठरवलं.

ठरवलं आणि डोकं चालवलं. आईला म्हणालो, बाई पाण्यातली, तिला कोरड्यावर उभी करून आपण तिचा तळतळाट घेतोय. आई इतक्या चटकन ‘खरं हाय’ म्हणाली की तेव्हाच मला संशय यायला हवा होता. आमच्या नदीला या दिवसांत घोट्याएवढं पाणी, म्हणून पळसदरीच्या धरणावर न्यायचं ठरलं. गावातल्या जितेशचा टेंपो सांगितला. टेंपोत शोपीसाई आडवी, तिच्या उशाला आई, पायथ्याशी (पाय म्हणजे जे काय आहे त्याच्याशी) धोंडूबाई आणि बायका, आणि मी मागं दांडा धरून उभा. रस्ताभर बायका गाणी म्हणत होत्या. रविवार होता, धरणावर मुंबईची पोरंपोरी ही गर्दी. हिरवं नऊवारी नेसलेली मत्स्यकन्या टेंपोतून उतरताना बघून सगळ्यांनी एकदम फोन वर केले. ओटी भरली, पाया पडलो (मी सगळ्यांत मनापासून पडलो) आणि जितेशनं आणि मी मिळून तिला पाण्यात लोटली.

विपुलराव, गिऱ्हाइकाला माल देताना ‘फायबर हाय, पोकळ हाय, तरंगतं’ एवढं सांगायची पद्धत तुमच्या धंद्यात नाही का? ती बुडेचना. बुडी मारून वर आली आणि उताणी पडून आभाळाकडे बघत राहिली, लुगडं पाण्यावर पसरलेलं. मी काठीनं ढकलली, ती गिरकी घेऊन आली. मी कंबरभर पाण्यात जाऊन ढकलली, वाऱ्यानं परत आणली. तिसऱ्या वेळी माझा पाय घसरला आणि मी बुडालो. म्हणजे जिला बुडवायचं ती वर आणि मी खाली. जितेशनं मला सदऱ्याला धरून काढलं. तोवर ती तरंगत तरंगत थेट आईच्या पायाशी जाऊन काठाला लागली होती. आईनं तिच्या तोंडावरचं शेवाळ पदरानं पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “वटी भरल्याली म्हायेरवाशीण हाय ती. सासरचं मानूस न्यायला आल्याबिगार जायाची नाय.” बायकांनी जयजयकार केला. काठावरच्या एका पोरीनं माझ्याबरोबर फोटो काढून घेतला, तिला वाटलं मी बुडणाऱ्या जलपरीला वाचवलं. येताना टेंपोत शोपीसाई उभी होती आणि मी आडवा.

आता आळीतल्या बायका रोज येतात, हळदीकुंकू लावतात, मनातलं बोलून जातात. आई दुपारची पडवीत तिच्याशेजारी बसते आणि तांदूळ निवडता निवडता तिच्याशी बोलते. काय बोलते ते मी ऐकत नाही. मी पडवीतून ये-जा करायचंच सोडलं आहे, मागच्या दारानं जातो.

तर मुद्द्याचं असं की, धोंड्याचा महिना आहे. लेक-जावई म्हणजे लक्ष्मी-नारायणाचा जोडा, त्यांना या महिन्यात घरी बोलावून जेवू घालायचं आणि वाण द्यायचं ही रीत आहे. तरी सवड काढून एक दिवस येण्याचं करावं. पुरणाचे धोंडे जिजा करील. आपल्या मातोश्रींना नमस्कार, तीर्थरूपांना नमस्कार, फाटकावरच्या सिंहांनाही नमस्कार. लोभ आहेच, तो वाढवायचा की कसं ते तुमच्या हातात आहे.

आपला सासरा,
चांगो

ता. क. येताना गाडी आणू नये, टेंपो आणावा, मोठा, आणि त्यात दोन गोधड्या घालाव्यात. धोंड्याचं वाण जावयाला नाकारता येत नाही हे तुम्हांला माहीत असेलच, नसेल तर मातोश्रींना विचारावं. दिव्याबरोबर आणि अनारशांबरोबर यंदा वाणात शोपीसाई आहे. आईची अट होती, सासरचं माणूस न्यायला आलं पाहिजे. ती तुमच्याच दुकानातून आली, म्हणजे तिचं सासर तेच. मी हे आईपुढं मांडलं आणि ती पहिल्यांदाच निरुत्तर झाली. एवढं माझं काम करा, मिरगाच्या आत.

ता. क. दुसरा. आई निरुत्तर झाली नव्हती. ती आता समोर येऊन बसली आहे आणि म्हणते, मी सांगते तसं लिही, एक अक्षर खाऊ नको. तर तिच्या तोंडचं लिहितो. “इपुलबापू, आशीर्वाद. शोपीस म्हंजी काय ते मला ठाव हाय. संजनी साळंत जायाची तवा तिच्या दप्तरावर असलीच मासोळीवाली बाय हुती, रोज पुसून द्यायची मी. मी बहिरी हाय, येडी नाय. फायबर पोकळ असतं ते लुगडं नेसवतानाच टिचकी मारून बगितलं हुतं, म्हनूनशान धरनावर जाऊ दिली. पन माझा ल्योक तोंडाचा मुका हाय. दिवाळीपासनं सांगते, जावयाला सांग, पोरीला आठ दिस धाड. हा नुसता सांगतो-सांगतो करतो. त्याची मासळी तोडल्याबिगार त्याच्या हातात पेन यायचा नाय, ते त्याच्या आयला कळतं. आला का नाय पेन? आता ऐका. धोंड्याला नारायन एकला आला तर उंबऱ्यातनं माघारी. लक्षुमी संगं आनायची आन आठ दिस ठिवून जायाची. तिचं पाऊल घरात पडलं की त्या दिसापासनं मासळी चालू. माझी काळजी करू नगा, मी आन जिजा रोज दुपारी धोंडूबाईकडं बोंबील भाजून खातो.”

ता. क. शेवटचा. वरचं सगळं मी माझ्याच हातानं लिहिलं आहे हे ध्यानात घ्यावं. मध्ये एकदा पेन ठेवून जिजाकडे बघितलं, तर ती भिंतीकडे तोंड करून बसली आहे आणि तिचे खांदे हलतायत. टेंपो आणू नका, गोधड्याही नकोत. शोपीसाई राहू दे. आईनं आज तिच्या खांद्यावर संजनाची जुनी पिवळी ओढणी घातली आहे, आणि सकाळी चुकून पुढच्या दारानं आलो तर मला पोरगीच उभी आहे असं वाटलं, हाकसुद्धा मारली. मला तिची फार आठवण येते, विपुलराव. हे फोनवर बोलता येत नाही. तिला घेऊन या. पत्र जितेशच्या हाती देतो आणि धोंडूबाईकडे जातो, डब्यात माझ्यासाठी काही उरलंय का ते बघायला.